बारा बोअरचा संसार

माणसाला छंद कोणता असावा याला काही धरबंध नाही. कुणी तिकिटं जमवतो, कुणी जुनी कुलपं जमवतो, कुणी नुसतीच माणसं जमवतो आणि त्यांना चहा पाजतो. पण एखाद्यानं ‘मला बंदुकांची आवड आहे’ असं म्हटलं की ऐकणारा जरा खुर्ची मागे सरकवून बसतो. त्याच्या डोळ्यांपुढं पिळदार मिशा, कातडी पट्टा, भिंतीवर गव्याचं मुंडकं आणि दर दोन वाक्यांमागं एक वाघ, असा गृहस्थ उभा राहतो.

आमच्या गावातली बंदूकवाली मंडळी पाहिलीत तर तुमची घोर निराशा होईल. एक निवृत्त हेडमास्तर, एक वकील, एक ऊसवाले बागायतदार आणि कोकणातून येऊन इथं स्थायिक झालेले एक काका. चौघांत मिळून एक मिशी, तीही वकिलांची, आणि ती पिळदार नाही, विचारमग्न आहे. रविवारी संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीवर ही मंडळी जमतात. माझ्याकडे बंदूक नाही. आमच्या घरातलं सर्वांत स्फोटक हत्यार म्हणजे प्रेशर कुकर. पण बोलणाऱ्या चौघांना ऐकणारा पाचवा लागतोच, त्या जागेवर माझी नेमणूक झाली.

पहिल्या दिवशी मी वाघाच्या अपेक्षेनं गेलो. वाघ आला नाही.

‘‘यंदा पावसाळ्यात काय लावलंत?’’ काकांनी विचारलं.

‘‘शिवणयंत्राचं तेल. आठवड्यातून एकदा, हलक्या हातानं,’’ मास्तर म्हणाले.

‘‘गंज?’’

‘‘सांध्यापाशी जरासा.’’

अर्धा तास मी हे गुडघ्यांबद्दल चाललंय अशाच समजुतीत होतो. मधे ‘नळी’ हा शब्द आला तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

पुढं पुष्कळ रविवार गेल्यावर ध्यानात आलं, की या मंडळींच्या बोलण्यात बंदूक चार आणे आणि घर बारा आणे असतं. कुणाचा परवाना नूतनीकरणाला गेला, कुणाच्या सुनेनं ‘बाळ रांगायला लागण्यापूर्वी ते कपाट इथून हलवा’ असं सांगितलं, कुणाचा मुलगा पुण्याला असतो आणि त्याला बंदुकीत काडीचा रस नाही. बार काढल्याची गोष्ट सहा महिन्यांत एकदा. हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास मी या ओसरीवरच तुकड्यातुकड्यानं शिकलो.

सुरुवात वकीलसाहेब करतात, कारण वकिलांच्या मते जगात कुठल्याही गोष्टीची सुरुवात कायद्यापासून होते. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजानं हत्यारं गोळा करायला घेतली, पण पक्का बंदोबस्त केला तो १८७८ साली लॉर्ड लिटननं. या गृहस्थानं एकाच वर्षी दोन गोष्टींना कुलूप घातलं, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना आणि देशी माणसांच्या बंदुकांना. वर्तमानपत्रांचं कुलूप त्याच्यामागून आलेल्या व्हाइसरॉयनं काढलं. बंदुकीचं राहिलं. गोऱ्या साहेबाला परवाना नको, काळ्या माणसाला मात्र हवा, असा तो कायदा. काँग्रेसनं १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला. काँग्रेस तेव्हा अवघी तीन अधिवेशनांची होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात तर मूलभूत हक्कांच्या यादीत, नियम पाळून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातलेला आहे. अध्यक्षस्थानी सरदार पटेल आणि समोर गांधीजी!

‘‘आणि घटनेत?’’ मी विचारलं.

‘‘नाही आला. हरि विष्णु कामथांनी १९४८ साली घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली होती. फेटाळली गेली.’’

‘‘बरं झालं,’’ आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला. त्या ओसरीवरच्या सभेच्या सभासद नाहीत, पण सभेचं कामकाज त्यांना आतून स्पष्ट ऐकू येतं.

तर हक्क आला नाही, परवाना आला. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून लागू झाला आणि हिंदुस्थानातल्या कुठल्याही बऱ्या गोष्टीप्रमाणं बंदुकीलाही अर्ज, शिक्का, चौकशी आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ हे चार संस्कार प्राप्त झाले. या कायद्यात एक गोष्ट मात्र खास आपल्या शेतकऱ्याची होती. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची वाट त्यात ठेवली होती. काकांच्या वडिलांकडे अशी बंदूक होती. नळीत तोंडाकडून दारू घालायची, वर चिंधी, मग छरे, मग गजानं ठासायचं. रानडुक्कर मळ्यात शिरल्यापासून बंदूक तयार होईपर्यंत रानडुक्कर जेवून, हात धुऊन परत गेलेलं असायचं.

‘‘मग उपयोग काय हो काका?’’

‘‘आवाज! मध्यरात्री एक बार काढला की साऱ्या वाडीला कळायचं, अण्णा जागे आहेत. चोरही परत, डुक्करही परत.’’ काका क्षणभर थांबून म्हणाले, ‘‘अण्णा गेल्यावर वाडीतल्या माणसांना आठ दिवस झोप लागली नाही. आवाज नाही म्हणून.’’

काडतुसाची गोष्टही अशीच घरगुती. परदेशी मालाचं वेड या मंडळींना आहेच. ऐंशीच्या दशकात खाजगी माणसाला बंदूक आयात करणं बंद झालं, तेव्हापासून आजोबांच्या इंग्रजी दुनळीला जुन्या पैठणीचा भाव आला. पण तिच्यात जाणारं काडतूस बहुधा आपल्या खडकीचं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे लिटनच्या कायद्याहून नऊ वर्षांनी वडील. ‘शक्तिमान’ नावाचं बारा बोअरचं काडतूस तिथलंच. वकीलसाहेब या नावाचा उच्चार कुलदैवताच्या सुरात करतात.

बारा बोअर म्हणजे काय, हा प्रश्न मी एकदा विचारला आणि एक संध्याकाळ गमावली. चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं. एकानं कागदावर वर्तुळं काढली. शेवटी मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, ‘‘अहो, शाळेत असंच शिकवत होता का?’’ मग माझ्याकडे वळल्या. ‘‘भावजी, एक पौंड शिसं घ्यायचं. त्याच्या सारख्या बारा गोळ्या वळायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. वीस वळल्या तर गोळी बारीक, नळी बारीक, ती वीस बोअर. पेढ्यासारखंच आहे. किलोत कमी बसले की पेढा मोठा.’’

ओसरी गप्प झाली. पौंड साडेचारशे ग्रॅमच्या आसपास धरला तर एक गोळी अडतीस ग्रॅमला जरा कमी भरते, हा हिशेब मी घरी येऊन केला. असला पेढा आमच्या गावात हल्ली मिळत नाही.

वाघ का येत नाही, तेही इथंच कळलं. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शिकार एका कागदावर संपली. बागायतदारांचे आजोबा शिकारी होते. वडील शिकाऱ्याचे चिरंजीव होते. ते स्वतः शिकारीच्या गोष्टी ऐकलेले गृहस्थ आहेत आणि त्यांचा नातू मोबाइलवर वाघाचे फोटो पाहून ‘आजोबा, याला मारायचे? का?’ असं विचारतो. बागायतदारांना या ‘का’चं उत्तर अजून सापडलेलं नाही. ‘‘पोरगं बरोबर बोलतंय, तेच अडचणीचं आहे,’’ ते म्हणतात.

शिकार गेली, उरली ती बंदूक आणि तिचा वार्षिक कुळाचार. खंडेनवमीला तिची पूजा होते. कपाटातून काढून, रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, तिला पाटावर ठेवतात. शेजारी विळी, कोयता, मास्तरांची लाल शाईची दौत आणि सुनेचा लॅपटॉप. हळदकुंकू लावतात. दुसऱ्या दिवशी मास्तर ते हळदकुंकू मऊ फडक्यानं पुसतात, तेल लावतात आणि पुटपुटतात, ‘‘दरवर्षी सांगतो, नळीला लावू नका, दस्त्याला लावा.’’ दरवर्षी नळीलाच लागतं.

आणि निवडणूक आली की बंदूक माहेरी जाते. म्हणजे पोलीस ठाण्यात. निवडणुकीच्या काळात बऱ्याच परवानाधारकांना हत्यार जमा करावं लागतं. मास्तर तिला जुन्या रजईच्या खोळीत गुंडाळून, रिक्षानं, मांडीवर आडवी घेऊन जातात. पावती घेतात. निकाल लागला, गुलाल उधळला, की परत आणायला जातात. ‘‘तिकडं नीट ठेवत नाहीत हो,’’ असं त्या महिनाभर म्हणत असतात. हे बोलणं मास्तरीणबाई थोरल्या लेकीच्या सासरबद्दल करत होत्या, की मास्तर बंदुकीबद्दल, असा संशय मला अनेकदा आला आहे.

आपल्याकडे बंदुकीचा हा लपूनछपून चाललेला लाड. एकदा बागायतदार मिरीची रोपं पाहायला कर्नाटकात कोडगूला जाऊन आले, आणि महिनाभर ओसरीवर कोडगूशिवाय विषय नव्हता. तिथल्या कोडव लोकांच्या घरात बंदूक ही उघडउघड घरची माणूस आहे. मुलगा झाला की एक बार, घरातलं माणूस गेलं की दोन बार. गावाला मोजून कळतं, पाळण्याकडे जायचं की खांदा द्यायला. भातलावणी संपली की कैलपोद नावाचा त्यांचा सण येतो, त्यात बंदुका फुलांनी सजवून पुजतात. इंग्रजाच्या अमदानीपासून त्यांना परवान्यातून सूट आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं ती २०२९ पर्यंत वाढवून दिली.

‘‘ह्याला म्हणतात संस्कृती,’’ वकीलसाहेब उसासून म्हणाले.

‘‘तुमच्या धाकट्याच्या वेळी तुम्ही बार काढला असता, तर मीच तुम्हाला घरात घेतलं नसतं,’’ वकिलीणबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या हळदीकुंकवाला आल्या होत्या. आनंदाचा बार ही गोष्ट नवऱ्यामुलाच्या मामापासून छतावरच्या पोरापर्यंत कुणाकुणाला लागते, हे त्यांनी वर्तमानपत्रांत वाचलेलं होतं. आता लग्नावरातीत असा बेफिकीर बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कायद्यातच लिहिलंय. वकिलांनाही हे ठाऊक होतंच, पण बायकोसमोर कलम सांगायचं नसतं एवढी वकिली त्यांना येते.

बायकांसाठी म्हणून सरकारी कारखान्यानं एक रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हाही ओसरी आठवडाभर गाजली. २०१४ साली कानपूरच्या कारखान्यातून ‘निर्भीक’ बाहेर पडलं. वजनाला अर्धा किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या जवळपास, आणि यायचं मरून रंगाच्या, दागिन्याच्या डबीसारख्या पेटीत. वकिलांनी ती बातमी उत्साहानं घरी वाचून दाखवली. वकिलीणबाईंनी शांतपणे विचारलं, ‘‘एवढ्यात चार तोळं येतं ना हो?’’ त्या वेळच्या भावानं खरंच येत होतं. विषय संपला. पेटीची कल्पना कारखान्यानं बरोबर ओळखली होती, आत काय घालायचं तेवढं चुकलं.

आता या गमतीजमतीतला जो बार खरोखर लागला, त्याच्याकडे येतो. कोडगूची सूट वाढली त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. १९८३ पासून एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. सरकारच्या मनात एकच ठेवावी असं होतं. ओरड झाली, शेवटी दोनवर मिटलं. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली, हा त्यातला गोड घास. जास्तीची बंदूक वर्षभरात, म्हणजे डिसेंबर २०२० पर्यंत, जमा करायची. देशात बेकायदा कट्टे किती फिरतात आणि पावती फाडून तेल लावणारे हे म्हातारे किती निरुपद्रवी, यावर वकीलसाहेब दोन रविवार बोलले. पण इतकी हत्यारं घराघरांत नकोतच, असं म्हणणारे माझ्यासारखे लोकही खोटं बोलत नव्हते.

प्रश्न मास्तरांचा होता. मास्तरांकडे तीन होत्या. आजोबांची ठासणीची, वडिलांची इंग्रजी दुनळी आणि स्वतःची पॉइंट टू टू रायफल. शेवटची त्यांनी १९७८ साली पगाराच्या फरकाच्या पैशांतून घेतली होती. त्या फरकातून मास्तरीणबाईंना शिलाई मशीन हवं होतं. ते पुढं चार वर्षांनी आलं. तेलाची बाटली तेवढी आधीपासून घरात होती!

करोनाचं वर्ष, ओसरी बंद. पुण्याचा मुलगा बायकोपोरांसह घरी येऊन तिथूनच ऑफिस करत होता. धाकटी मुलगीही शाळा बंद म्हणून माहेरी आलेली. त्यामुळं बैठक घरचीच झाली. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, तिन्ही देऊन टाका. कोण वापरतंय?’’ मास्तर काही बोलले नाहीत. सगळ्यांना वाटलं, ठासणीची जाणार. ती उडतच नाही, तिची नळी आतून खाल्लेली, तिला बाजारात किंमत शून्य.

‘‘ती नाही द्यायची,’’ मास्तरीणबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं त्या कपाटाच्या नावानं बोटं मोडणारी बाई! ‘‘सासूबाई जाईपर्यंत तिला स्वतःच्या हातानं कुंकू लावायच्या. मला या घरात आल्यावर पहिल्या दसऱ्याला त्यांनी ती पुसायला दिली होती. किल्ल्या नंतर दिल्या.’’

मग वडिलांची दुनळी? तिच्याकडे मास्तरांनी पाहिलं, आणि उठून आत गेले. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाले, ‘‘रायफल जाईल. त्या दोघी माझ्या नव्हेतच, मी नुसता राखणदार. माझी म्हणण्याजोगी ती एकच. तेव्हा द्यायची तर तीच देता येईल मला.’’

नोव्हेंबरात रजईच्या खोळीतून रायफल गेली. या वेळी परत आणायला जायचं नव्हतं. मास्तरांनी आदल्या रात्री तिला नेहमीसारखं तेल लावलं. मुलगा म्हणाला, ‘‘आता कशाला?’’ मास्तर म्हणाले, ‘‘लेक सासरी जाताना वेणी घालतोच ना आपण?’’

राहिलेल्या दोघींचं पुढं काय, याची सोय मात्र कायद्यातच निघाली. २०१६ च्या नियमांत अशी तरतूद आहे, की परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिली, तर तो हयात असतानाच वारसाचा अर्ज घेता येतो. मात्र इतर वारसांची ना हरकत लागते. धाकट्या मुलीनं हात वर केला. कॉलेजात एनसीसीत तिनं रायफल चालवली होती. कोल्हापूरला शिक्षिका आहे. आणि कोल्हापूर हे नेमबाजीच्या बाबतीत असंतसं गाव नाही. तिथली तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला जे मिळवलं, तसं एकट्याच्या जोरावर मिळवलेलं पदक महाराष्ट्राला बहात्तर वर्षांनी दिसलं. बंदूक म्हणजे रक्त, असं समजणाऱ्यांनी या पोरांचा श्वास रोखून स्थिर उभं राहणं एकदा पाहावं. दुनळीचा त्या खेळाशी काही संबंध नाही हे मास्तरांना पक्कं ठाऊक आहे. तरीही पॅरिसची बातमी आली त्या दिवशी त्यांनी कपाटाला बाहेरून का होईना, फडकं मारलं.

ना हरकतीच्या कागदावर मुलानं पुण्याहून मुकाट्यानं सही करून पाठवली. त्याला रस नव्हताच. पण रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. मास्तरीणबाई घाबरल्या, करोनापासून अवेळी फोनची धास्तीच बसलीय.

‘‘आई, बाबांना विचार,’’ तो म्हणाला, ‘‘त्या दुनळीच्या दस्त्यावर मी तिसरीत असताना कर्कटकानं ‘स’ कोरला होता. बाबांनी पॉलिश करून घालवला की आहे अजून?’’

मास्तर चष्मा शोधायलाही थांबले नाहीत. ‘‘आहे म्हणावं,’’ ते अंथरुणातूनच म्हणाले. ‘‘तेवढ्या जागी मी तेल बोटानं लावतो.’’

पुढच्या रविवारी ओसरीवर याचा उल्लेखही झाला नाही. काकांनी विचारलं, ‘‘यंदा पाऊस लांबला, तेल कितीदा लावायचं?’’ आणि त्यावर चौघांची चार मतं पडली.